निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी

महाराष्ट्रातल्या शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा असलेला मी पाहिला. गाव आणि वाचनालय कुठलं ते सांगत नाही, कारण तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून कमी केलेलं, असा शिक्का मारलेली पुस्तकं सुतळीनं बांधून गठ्ठ्यागठ्ठ्यांनी टेम्पोत चढत होती. मी रद्दीवाल्याला थांबवलं आणि किलोच्या भावानं एक पोतं विकत घेतलं. घरी येऊन पोतं उपसलं, तर त्यात मुखपृष्ठ गेलेलं एक लहानसं पुस्तक निघालं. लेखकाचं नाव नाही, साल नाही, छापखाना नाही. आतल्या कोऱ्या पानावर मात्र बोरूच्या वळणाच्या अक्षरात एका बाईचं नाव आणि खाली ‘हिचे पुस्तक’ एवढंच. हे पुस्तक कुणी लिहिलं ते मला आजवर शोधता आलेलं नाही, कारण ज्या दाखल नोंदवहीत ते कधीतरी चढवलं गेलं असणार, ती वहीसुद्धा त्याच टेम्पोतून गेली होती.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या रात्री मला वारंवार आठवत राहिली ती एक अमेरिकन कादंबरी. तिची हकिगत तुम्हाला सांगायची आहे. ती ऐकल्यावर तुमच्या कपाटांतल्या जीर्ण पुस्तकांकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहाल, अशी माझी खात्री आहे.

5 सप्टेंबर 1859 रोजी बॉस्टनमध्ये जॉर्ज सी. रँड अँड एव्हरी या छापखान्यातून एक छोटी कादंबरी बाहेर पडली. नाव ‘अवर निग’. यातला दुसरा शब्द काळ्या माणसांना हिणवण्यासाठी वापरली जाणारी शिवी आहे. ‘आमची’ हा शब्द जोडून ती एका घरातल्या मंडळींनी पोरीला चिकटवली होती. नावाखाली लांबलचक उपशीर्षक होतं: उत्तरेतल्या एका दुमजली पांढऱ्या घरात राहणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीय मुलीच्या आयुष्यातली शब्दचित्रं, गुलामगिरीची सावली तिथेही पडते हे दाखवणारी. आणि लेखक म्हणून पुन्हा तीच शिवी, अवतरणचिन्हांत. ज्या नावानं तिला रोज हाक मारली, तेच नाव तिनं पुस्तकावर आपली सही म्हणून घातलं. वर्गात हे सांगताना दर वेळी माझा आवाज अडखळायचा.

कादंबरीतल्या मुलीचं नाव फ्राडो. आई मॅग, गोरी आणि समाजानं वाळीत टाकलेली. बाप जिम, काळा, पिंपांच्या पट्ट्या करून पोट भरणारा भला माणूस. जिम क्षयानं जातो. मॅग दुसऱ्या माणसाबरोबर गाव सोडायचं ठरवते, आणि सहा वर्षांच्या फ्राडोला बेलमाँट नावाच्या घरात दिवसभरापुरती म्हणून ठेवून जाते. ती परत येत नाही. इथून पुढची बारा वर्षं, अठराव्या वर्षापर्यंत, फ्राडो त्या दुमजली पांढऱ्या घरात राबते. कोंबड्या, गुरं, सरपण, भांडी, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, सगळं तिच्याकडे. निजायला स्वयंपाकघरावरची उतरत्या छपराची खोपटी. शाळा वर्षातून तीन महिने, तीही नऊ वर्षांची होईपर्यंत. तिच्या कुरळ्या बटा मालकीण कापून टाकते. उन्हात डोकं झाकू देत नाही, कारण पोर आणखी काळी दिसली पाहिजे. तोंडात लाकडाचं ठोकळं कोंबून मारणं तर नेहमीचंच.

हे सगळं घडतं न्यू हॅम्पशायरमध्ये. ज्या उत्तरेकडे पळून गेलं की माणूस स्वतंत्र होतो असं दक्षिणेतले गुलाम ऐकत होते, त्याच उत्तरेत. फ्राडो कुणाची गुलाम नव्हती. कायद्यानं ती जन्मापासून स्वतंत्र होती. हे एवढंसं वाक्य त्या काळातल्या सुधारक वाचकांच्या पचनी पडणं किती अवघड होतं, याचा अंदाज त्या पुस्तकाच्या नशिबावरून येतो.

दोन प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पहिला ताटलीचा. घरातला एक मुलगा, जेम्स, फ्राडोला टेबलापाशी बसून जेवायला लावतो. ती स्वच्छ ताटली घेते. मालकीण म्हणते, माझ्या उष्ट्या ताटलीत जेव. फ्राडोचा एकुलता सोबती म्हणजे फिडो नावाचा कुत्रा. ती त्याला बोलावते, त्याच्याकडून मालकिणीची ताटली चाटूनपुसून घेते आणि मग त्याच ताटलीत शांतपणे जेवते. दुसरा मुलगा जॅक खूश होऊन तिच्याकडे चांदीचं नाणं फेकतो. नंतर तिला मार बसतोच. पण कुत्र्याच्या जिभेला मालकिणीच्या हातापेक्षा स्वच्छ ठरवणारी ती पोर वाचकाच्या मनातून जात नाही. ताट, उष्टं, पंगत, शिवताशिवत यांतलं राजकारण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

दुसरा प्रसंग लाकडाच्या ढिगापाशी. फ्राडोला सरपण आणायला धाडलेलं असतं. ती वेळेत परतली नाही म्हणून मालकीण मागोमाग येते, ढिगातलं एक लाकूड उचलून तिच्यावर उगारते. फ्राडो ताठ उभी राहते. थांबा, मारलंत तर यापुढे तुमच्या कामाला तसूभरही हात लावणार नाही, असं तिला सांगते. आणि मालकिणीचा हात खाली येतो. पुढचं एक वाक्य मी कितीदा वाचलं असेन. फ्राडो घराकडे चालू लागते आणि मागून मालकीण येते, फ्राडोनं आणायचं होतं ते सरपण स्वतः उचलून. भाषण नाही, निवेदिकेची टिप्पणी नाही. कोण पुढे आणि कोण मागे, एवढंच.

आणखी एक गोष्ट भाषेच्या शिक्षकाला दिसल्याशिवाय राहत नाही. सुरुवातीच्या प्रकरणांची शीर्षकं आहेत ‘मॅग स्मिथ, माझी आई’, ‘माझ्या वडिलांचा मृत्यू’, ‘माझ्यासाठी नवं घर’. प्रकरणाच्या आत मात्र ‘ती’, ‘फ्राडो’. शीर्षकात ‘मी’ आणि मजकुरात ‘ती’. काहींना हा कच्च्या लेखणीचा दोष वाटतो. मला वाटत नाही. स्वतःची गोष्ट स्वतःची म्हणून सांगायची हिंमत आणि ती दुसऱ्या कुणाची तरी करून सांगायची गरज, दोन्ही एकाच पानावर उघडी पडलेली आहेत.

पुस्तक का लिहिलं हे लेखिकेनं प्रस्तावनेत लपवलेलं नाही. प्रकृती खालावलेली, पदरात मूल, दोघांना जगवायचं म्हणून हा प्रयत्न. माझ्या काळ्या बांधवांनी मला आश्रय द्यावा, अशी तिची विनंती आहे. उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी मित्रांना लाज वाटेल असं बरंच काही मी मुद्दाम गाळलं आहे, असंही ती सांगते. एवढं गाळूनही पुस्तकाला कुणी विचारलं नाही. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरोधी कादंबरी 1852 साली पहिल्याच वर्षात अमेरिकेत तीन लाखांवर खपली होती. त्याच गुलामगिरीविरोधी चळवळीच्या वर्तमानपत्रांनी ‘अवर निग’बद्दल अवाक्षर काढलं नाही. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. दोषी मालकीण दक्षिणेतली नव्हती, त्यांच्याच शेजारची होती. गोरी बाई आणि काळा पुरुष यांचं लग्न पुस्तकात होतं. शिवाय फ्राडोचा नवरा पळून आलेला गुलाम म्हणून व्याख्यानं देत हिंडतो आणि नंतर कबूल करतो की तो कधी गुलाम नव्हताच. व्यासपीठावरच्या मंडळींना यातलं काहीच नको होतं. पुस्तक निघाल्यावर सहाच आठवड्यांत गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राउननं हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि दोन वर्षांच्या आत यादवी युद्ध पेटलं. ती कादंबरी बुडाली ती सव्वाशे वर्षांसाठी.

आता तुमच्याशी संबंध असलेला भाग.

न्यूयॉर्कमधल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात या कादंबरीची एक प्रत पडून होती. हेन्री लुईस गेट्स या तेव्हाच्या तरुण प्राध्यापकानं ती विकत घेतली. ज्या थोड्याफार सूचींत तिची नोंद होती, तिथे लेखक गोरा धरलेला. गेट्सना पुस्तक वाचून तसं वाटेना. पण वाटणं हा पुरावा होत नाही. मग त्यांनी आणि त्यांचे सहायक डेव्हिड कर्टिस यांनी कागद हुडकायला सुरुवात केली. पुस्तकाच्या कॉपीराइटच्या पानावर ‘मिसेस एच. ई. विल्सन’ असं नाव होतं. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात 18 ऑगस्ट 1859 रोजी त्याच नावानं नोंदणी झालेली. त्या नावावरून ते जनगणनेच्या याद्यांकडे गेले, तिथून न्यू हॅम्पशायरमधल्या मिलफर्ड गावाकडे आणि तिथून एका मृत्यूच्या नोंदीकडे.

जॉर्ज मेसन विल्सन, त्या एच. ई. म्हणजे हॅरिएट विल्सनचा मुलगा, फेब्रुवारी 1860 मध्ये मिलफर्डमध्ये तापानं गेला. वय सात. वर्ण: काळा.

ज्या मुलाला जगवायला आईनं कादंबरी लिहिली, तो पुस्तक निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेला. आणि ही कादंबरी कृष्णवर्णीय बाईची आहे हे सिद्ध झालं ते त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरच्या त्या एका शब्दामुळे. गेट्सनी स्वतः या योगायोगाबद्दल लिहिलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसले होते. मिलफर्डच्या कुठल्याशा कारकुनानं ती ओळ भरली असेल, रोजच्या कामाचा भाग म्हणून. नंतरच्या सव्वाशे वर्षांत कुणीही ती वही ‘उपयोग नाही’ म्हणून काढून टाकली नाही.

1983 साली कादंबरी पुन्हा छापली गेली आणि साहित्याच्या इतिहासातली एक तारीख बदलली. तोवर फ्रान्सेस हार्पर यांच्या 1892 सालच्या ‘आयोला लरॉय’ला आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीची पहिली कादंबरी मानलं जाई. हॅरिएट विल्सननं ती तारीख तेहतीस वर्षं मागे नेली.

शोध तिथे थांबला नाही, आणि पुढचं प्रत्येक पाऊल पुन्हा एखाद्या क्षुल्लक कागदावरच पडलं. 1993 मध्ये बार्बरा व्हाइट यांनी दाखवलं की बेलमाँट हे कल्पनेतलं घर नाही. ते मिलफर्डचं हेवर्ड कुटुंब. गाण्यांतून गुलामगिरीविरुद्ध प्रचार करत अमेरिकाभर गाजलेलं हचिन्सन कुटुंब त्याच गावचं आणि हेवर्डांच्या नात्यातलं. त्याच वर्षी एरिक गार्डनर यांनी उरलेल्या मूळ प्रतींच्या कोऱ्या पानांवर हातानं लिहिलेली मालकांची नावं गोळा केली आणि माणसं शोधली. बरेचसे मालक मिलफर्डच्या आसपासचे गोरे लोक निघाले, त्यांत मुलं-मुलीही बऱ्याच. म्हणजे लेखिकेनं हाक मारली होती आपल्या बांधवांना, आणि पुस्तक पोचलं ते तिच्याच परिसरातल्या गोऱ्या घरांत. ही गोष्ट छापील मजकुरात कुठेही नाही. ती फक्त त्या कोऱ्या पानांवर होती, जी आपल्याकडे बाइंडिंग करताना पहिली फाडली जातात.

2005 पर्यंत गॅब्रिएल फोरमन आणि रेजिनाल्ड पिट्स यांनी तिचं उरलेलं आयुष्य वर्तमानपत्रांतून जुळवत आणलं. मुलगा गेल्यावर ही बाई खचून संपली असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तसं नव्हतं. बॉस्टनच्या परलोकविद्येच्या, म्हणजे मृतांच्या आत्म्यांशी संवाद साधू पाहणाऱ्यांच्या, वर्तुळात ती ‘डॉ. हॅटी विल्सन’ म्हणून नावारूपाला आली, व्यासपीठांवरून बोलली. केसांना लावायच्या तिच्या औषधाच्या जाहिराती सापडल्या, तिचं नाव काचेत उमटवलेल्या बाटल्याही सापडल्या. 28 जून 1900 रोजी क्विन्सीमध्ये ती वारली. 2006 साली मिलफर्डच्या बागेत तिचा पुतळा उभा राहिला, शेजारी तिचा मुलगा.

तुम्ही विचाराल, न्यू हॅम्पशायरमधल्या बाईचा आपल्या वाचनालयाशी काय संबंध? तर ज्योतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’त छापून आला, म्हणजे ‘अवर निग’च्या चार वर्षं आधी. ‘ज्ञानोदय’चे ते अंक कुणीतरी जपले म्हणून ती मुलगी आज आपल्याला माहीत आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 साली निघाली, टीकेचे फटके खाऊन विस्मरणात गेली, आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हा मराठी वाचकांच्या हाती परत आली. त्र्याण्णव वर्षं. मालशांच्या हाती प्रत लागण्याआधी ती कुठल्या ना कुठल्या कपाटात होती, आणि त्या कपाटाची जबाबदारी असलेल्या माणसानं ती काढून टाकली नव्हती.

शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली, ती 1943 साली निघाली. ग्रंथालयं पालथी घालून एकट्या माणसानं उपसलेले ते कष्ट होते. त्या सूचीतलं प्रत्येक पुस्तक आज कुठे आहे, कुणाकडे त्याची शेवटची प्रत उरली आहे, हे सांगू शकणारी माणसं तुम्हीच आहात. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं 1850 चं. हॅरिएट विल्सन हातात लेखणी घेण्याआधी ही कपाटं उभी होती.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. अनुदान वेळेवर येत नाही. ग्रंथपालाला मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही. छप्पर गळतं, वाळवी थांबत नाही, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेसाठी जागा हवी असते आणि ती मागणी रास्त आहे. फाटकी पुस्तकं निर्लेखित करायला नियमांची मुभा आहे, आणि सहा-सहा प्रती पडून असलेल्या कालच्या कादंबऱ्या काढल्या तर मला काही वाईट वाटणार नाही. माझं म्हणणं फक्त जुन्याबद्दल आहे. स्वातंत्र्यापूर्वी छापलेलं जे काही असेल, ते यादीत घालण्याआधी कुणीतरी उघडून पाहावं. लेखकाचं नाव नसलेलं, ‘एक स्त्री’, ‘एक विधवा’ किंवा नुसती आद्याक्षरं घातलेलं पुस्तक दिसलं, तर ते शेवटी नव्हे, सर्वांत आधी वाचवावं. मुखपृष्ठ, छापखान्याचं पान, कोऱ्या पानांवरची नावं, ‘सौ. अमुक हिजला भेट’ अशा ओळी, यांचे मोबाइलवर फोटो काढायला पुस्तकामागे दोन मिनिटं लागतात. बाइंडरला आधीच सांगून ठेवावं की ती पानं फाडायची नाहीत. पुस्तक ठेवणं अगदीच अशक्य असेल, तर रद्दीवाल्याआधी एखाद्या विद्यापीठाला, मोठ्या ग्रंथसंग्रहालयाला, निदान आपल्याच सभासदांना विचारावं.

आणि दाखल नोंदवह्या. त्या कृपा करून कधीही, कुठल्याही कारणानं काढू नका. पुस्तक गेलं तरी ते होतं, कुठल्या साली आलं, कुणी दिलं, किती आण्यांना घेतलं, हे तिथे लिहिलेलं असतं. मिलफर्डच्या त्या मृत्यूच्या नोंदीइतकीच आपल्याकडची ती ओळ मोलाची आहे.

माझ्या पोत्यातलं ते पुस्तक मी जपून ठेवलं आहे. गृहिणीनं गृहिणींना सांगितलेल्या चार गोष्टी असं त्याचं स्वरूप आहे. मध्येच दोन पानं अशी येतात की लिहिणारी स्वतःविषयी बोलू लागते, लहानपणी शाळेतून काढल्याचं सांगते, आणि एकदम सावरून पुन्हा लोणच्याच्या बरण्यांकडे वळते. ती कोण, हे मला कळायला हवं आहे. कदाचित तुमच्यापैकी कुणाच्या तरी कपाटात त्याची दुसरी, मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत असेल.

तुमच्या पुढच्या निर्लेखनाच्या बैठकीआधी ती यादी आणि ती पुस्तकं मला दोन दिवस पाहू द्या. माझ्या ओळखीच्या तीन निवृत्त शिक्षिका यायला तयार आहेत. आम्ही येण्याजाण्याचा खर्च मागणार नाही, मास्क, ब्रश आणि जुनी सुती फडकी आमची आम्ही आणू. एक टेबल आणि खिडकीजवळचा उजेड एवढं द्यावं.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका जिल्हा वाचनालयाची आजीव सभासद